मडावी सरांचा लेझर मेळावा

मडावी सर बसलेले मला आठवतच नाहीत. चंद्रपूरच्या आमच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी गादीच्या खुर्च्या आहेत, पण सर यायचे ते काउंटरला टेकून उभे राहायचे. चहा दिला की कप घेऊन दारापर्यंत जायचे, रस्ता बघायचे, परत यायचे. या येरझाऱ्यांत अर्धा चहा फरशीवर सांडायचा. "सर, बसा ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसलो का डोस्कं बसते, बाई."

गडचिरोलीला आयटीआयमध्ये ते इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. गाव धानोऱ्याच्या पुढे, जंगलात. बायको तिकडे शेती सांभाळायची, मोहफुलं वेचायची. सर भाड्याच्या खोलीत एकटे. सुट्टीच्या दिवशी माणूस गावाकडे जातो. सर मात्र कधी भद्रावतीला, कधी चिमूरला, कधी आमच्या दुकानात.

पहिल्यांदा आले ते गॉगल मागायला. "हिरव्या उजेडाचा गॉगल पायजे." मी हिरव्या काचांचे होते नव्हते तेवढे गॉगल मांडले. सर म्हणाले, "हिरवा नाई बाई, हिरव्याले थांबवणारा. त्याची काच नारंगी असते." लेझरचं यंत्र जुळवताना डोळ्यांवर घालायचा गॉगल तो. नागपूरच्या व्यापाऱ्याकडून मागवावा लागला. तो येईपर्यंत सरांनी इतके फोन केले की रिंग वाजली तरी माझा नवरा कपाळाला हात लावायचा.

गॉगल आला त्या दिवशी सरांनी पिशवीतून आपलं यंत्र बसवलेला बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि दुकानामागच्या आमच्या अंधाऱ्या खोलीत, जिथे मी डोळे तपासते तिथे, चालू केला. भिंतीवरून हिरव्या रेषेचा एक मासा सळसळत गेला. मी लहान मुलीसारखी "अय्या" म्हणाले. "मासा-बिसा काई नाई," सर म्हणाले. "एकच ठिपका आहे. दोन बारके आरसे त्याले पळवून राह्यले, म्हणून मासा दिसते. आरसे थांबले का नुसता ठिपका. अन् जिथी थांबला तिथी जाळते."

पुढे कळलं की या दोन जिल्ह्यांत असा नाद असलेली पंधरा-वीस माणसं आहेत. चिमूरची एक शिक्षिका, सिरोंच्याचा तेलुगू बोलणारा एक मोबाइल दुरुस्तीवाला, घुग्घुसचा पप्पू डीजेवाला. फोनवर त्यांचा ग्रुप होता. रोज एकमेकांचे व्हिडिओ बघायचे, वाहवा करायचे, पण सगळे प्रत्यक्ष कधी एकत्र जमले नव्हते. सरांना हे सहन होईना. "कोंबडबाजारात कोंबडे झुंजवाले दहा गावची माणसं जमतात, बाई. मंग उजेडाले काऊन नाई जमत?"

झालं, मेळावा ठरला. म्हणजे सरांनी ठरवला, आणि ठरल्या दिवसापासून बदलायला घेतला. आधी चिमूरच्या शाळेचं मैदान. मग, उघड्यावर नको, किरण आभाळात जातो, पाखरांना त्रास. मग गडचिरोलीतलं एक सभागृह. मग, तिथे लाइट जाते. मग आमच्या दुकानाची गच्ची! पहाटे फोन, "बाई, गच्ची कॅन्सल." अजून मी हो म्हणालेच नव्हते. कार्यक्रमाचा क्रम रोज नवा. आधी चिमूरच्या बाई, नाही, आधी सिरोंचा, कारण त्याला परतीची बस. रांगेत किती खुर्च्या, धुराचं मशीन कुठे, जेवणात भात की पोळी. "ये आदमी तुझे पागल कर देगा," नवरा म्हणायचा. खरं तर मला सवय लागली होती. दोन दिवस फोन आला नाही की मीच विचारायची, "सर, जागा बदलली नाही वाटतं?"

त्याच सुमारास दुकानात एक तरुण आला. चष्म्याचा नंबर काढून द्या म्हणाला. मी एकामागून एक काचा लावल्या, त्याला अक्षरं दिसेनात. "कडेचं दिसते, मधलं नाई दिसत. मधात काळं आहे." कुठल्याशा मिरवणुकीत लेझरचा झोत थेट डोळ्यात गेला होता. डोळ्याचा आतला पडदा जळला होता. त्याला माझ्याकडे काच नव्हती. मोठ्या डॉक्टरांकडे पाठवून मी सरांना फोन केला. सगळं सांगितलं. सर म्हणाले, "कोणाचं मशीन होतं?" ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सरांचा नियम आला. उभ्या माणसाने हात वर केला तरी किरण त्याच्या बोटांच्या वरून गेला पाहिजे. खाली एक इंचही नाही. पप्पूने लिहिलं, "सर, अंगावर नाई मारलं तर पब्लिक नाचत नाई." सरांनी लिहिलं, "नोको नाचू दे."

शेवटी भद्रावतीत एका लग्नाच्या लॉनचा हॉल मिळाला. मालक हौशी, म्हणाला, भाडं नको, माझ्या ओळखीची माणसं बघायला येतील. सर इतके खूश की भाषण पाठ करत बसमधून फिरले. त्या दिवशी सकाळपासून शिडीवर चढून एकेक यंत्र पट्टीने मोजून उंच बांधत होते. पप्पूचं मोठं मशीन टेम्पोतून आलं. संध्याकाळी हॉल भरला. बायका, कडेवर लेकरं, म्हातारी माणसं. चिमूरच्या बाईंची फुलं झाली, सिरोंच्याच्या भाऊंची होडी झाली, टाळ्या पडल्या. पप्पूच्या मशीनने छताखाली हिरवा चांदवा धरला तशी पोरं उड्या मारायला लागली, आणि मालक पुढे आला.

"सर, थोडं खाली घ्या ना. लोकायच्या अंगावर येऊ द्या. मजा येते."

"नाई जमत."

"अहो, पाहुणे बोलावले मी. पप्पू, तू घे खाली."

पप्पूने सरांकडे बघितलं, मालकाकडे बघितलं. मालकाच्या लॉनवर त्याची अख्ख्या सीझनची लग्नं लागायची. मागून शिट्ट्या सुरू झाल्या, "खाली घ्या, खाली घ्या!" पप्पूचा हात मशीन खाली झुकवायच्या स्क्रूकडे गेला. मी सरांना गर्दीतून वाट काढताना पाहिलं. भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच ओढला.

सगळा हॉल काळोखात. लेकरं रडायला लागली, मोबाइलचे दिवे लागले, कोणी शिव्या घातल्या. मालकाचा आवाज सगळ्यांच्या वर, "उचला तुमचा पसारा! चला, निघा!" काही वेळातच आम्ही सगळे डबे, वायरी, शिड्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभे. सर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते. "माझीच चूक. मोठा हॉल कायले घेतला? आता लोकं परत येतीन का? बाई, सांगा ना, येतीन का?" इतक्या महिन्यांची धावपळ, आणि हे.

पप्पू टेम्पोत मशीन चढवत होता. मला वाटलं, हा आता निघणार. तो खाली उतरला आणि म्हणाला, "सर, घुग्घुसले माझं गोदाम आहे. चला."

पत्र्याच्या त्या गोदामात आम्ही पंधरा-सोळा माणसंच होतो. धुराचं मशीन घाईत लॉनवरच राहून गेलं होतं. धूर नसेल तर किरण हवेत दिसत नाही, म्हणून चिमूरच्या बाई हळहळल्या. पप्पूने मशीन लावलं, आणि पत्र्यापासून पत्र्यापर्यंत हिरव्या-निळ्या रेषा लख्ख उभ्या राहिल्या. कोळशाच्या खाणीकडची धूळच एवढी. "आमच्या गावाले धूर लागत नाई," पप्पू म्हणाला, आणि सगळे खोकत खोकत हसले. ज्याने त्याने आपलं आपलं दाखवलं. सर मात्र याची वायर सरळ कर, त्याचा आरसा पूस, असंच करत राहिले. निघताना एवढंच म्हणाले, "पुढच्या साली जागा बदलू."

पुढच्या साली सर नव्हते. पावसाळ्यात ताप आला. ताप अंगावर घेऊन हिंडले, औषध घेतलं नाही, आणि दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. ग्रुपवर बरेच दिवस कोणी काही लिहिलं नाही. मग पप्पूचा मेसेज आला, "जागा माझी. तारीख चष्मेवाल्या बाई सांगतीन." तारीख मी सांगितली. आणि धानोऱ्याच्या पुढे निरोप पाठवून सरांच्या बायकोलाही बोलावलं.

मडावी काकू दोन बस बदलून आल्या. ठेंगणी, काळीसावळी, शांत बाई. लेझर कशाला म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं. सुट्टीतही कामगिरीवर असतो, एवढंच सर घरी सांगायचे. मी त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि शेजारी बसले. गोदामात अंधार झाला. पप्पूने सरांच्या खोलीतून आणलेल्या त्या बिस्किटाच्या डब्यातून एकामागून एक चित्रं सोडली. काकू मान वर करून बघत होत्या. चेहऱ्यावर काहीच हलत नव्हतं. मला धास्ती वाटली, की एवढ्याशा उजेडासाठी आपल्या माणसाने आयुष्य उधळलं असं यांना वाटत असेल.

दिवे लागले. काकूंनी पदराने डोळे पुसले.

"सुट्टीचे असे इकडेच येत होते का?"

"हो काकू. कधी आमच्या दुकानात, कधी भद्रावतीला, चिमूरला. सगळं यासाठीच."

काकूंनी त्या बिस्किटाच्या डब्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं, बाई. मले वाटे, माझ्यापासून पळून राह्यले."

मी त्यांचा हात धरला. पलीकडे पप्पू वायरी गुंडाळायला लागला होता. काकूंनी त्याला हाक मारली, "भाऊ, आणखी एक डाव लावता का?"

त्याने गुंडाळलेली वायर सोडली आणि दिवे घालवले.