मुकादमबाईंच्या माहेरवाशिणी

खाडीकाठच्या गल्लीत तिला सगळे मुकादमबाई म्हणत. या पदावर तिला कुणी नेमलं नव्हतं. तिच्या आवाजानं नेमलं होतं. ओहोटीला बायका चिखलात शिंपल्या काढायला निघाल्या की ती सर्वांत पुढे. समुद्रसुद्धा तिला विचारूनच मागे सरतो, असा थाट.

थंडीत तिथं तुतवार उतरत. मुठीएवढे, लांब चोचीचे पक्षी. दूरदेशाहून हाडाची काडं करून पोचत, बारीक शिंपल्या गिळून गुबगुबीत होत आणि मगच परतीच्या लांब वाटेला लागत. मुकादमबाई त्यांना माहेरवाशिणी म्हणे आणि शिव्या मात्र पोटच्या पोरांसारख्या घाली.

मग एका व्यापाऱ्यानं कोंबड्यांच्या खाद्यासाठी नखाएवढ्या शिंपल्याही उचलायची तयारी दाखवली. मुकादमबाईनं वेल्डर जावयाकडून बारीक जाळीची चाळण करून घेतली आणि गल्लीभर मिरवली. बघता बघता प्रत्येकीकडे तशीच चाळण आली. चिखलात नखाएवढंही काही उरेना.

त्या वर्षी तुतवारांच्या परतीच्या दिवसांत थवा उडाला, गिरकी घेऊन पुन्हा चिखलातच बसला. एक पक्षी तर तिच्या हातात आला. पिसांखाली नुसती हाडं. मुकादमबाईनं त्याला अलगद चिखलात सोडलं. या माहेरवाशिणी उपाशी निघाल्या तर वाटेतच पडणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ती तडक जावयाच्या दुकानात गेली.

"आई, चाळण बिघडली का?"

"तीच तर पंचाईत, जावईबापू. बिघडतच नाही. एकाआड एक तार काढा."

"अख्खी गल्ली हसेल."

"हसू दे. हसत हसत माझ्याच मागून येतील."

दुसऱ्या दिवशी तिची चाळण बघून जाऊबाईनं टोमणा मारला, की बाई म्हातारपणी भोकं मोजायला लागल्या. मुकादमबाईनं चिखल चाळणीत भरला. चाळण हलवली. मोठ्या शिंपल्या वर राहिल्या, बारीक चिखलात सांडल्या आणि तुतवार तुरुतुरु तिच्या मागे धावले. जाऊबाई पाहत राहिली. मग तिनं आपली चाळण उलटी केली. बारीक शिंपल्यांचा ढीग पक्ष्यांपुढे ओतला. संध्याकाळी ती चाळण घेऊन वेल्डरच्या दारात उभी होती, मान दुसरीकडे वळवून. तिच्यामागे आणखी चौघी.

थवा काही दिवस उशिरानं उडाला. गिरकी घेतली, पण परतला नाही.

"पोचल्यावर कळवा गं," मुकादमबाई ओरडली आणि वाकून चिखल उपसू लागली.