चिंधू नावाड्याचं दोन पायांचं शीड

चिंधू ढिवर वर्धा नदीवर नाव चालवायचा. त्याचा बाप तेच करायचा आणि आजाही. दोन्ही काठांची गावं सुगीला सुपानं धान्य घालत आणि पुढच्या वर्षी नावाडी कोण, हे पोळ्याला ठरवत. ठरवण्यासारखं त्यात कधी काही नसायचंच. मग बावन्न सालच्या उन्हाळ्यात नावेतून उतरवताना एक बैलगाडी मागे सरकली आणि चाक चिंधूच्या उजव्या खांद्यावरून गेलं. दवाखान्यात हात वाचला. जोर मात्र गेला तो गेलाच. हात रिकाम्या बाहीसारखा नुसता लोंबायचा.

उन्हाळ्यात तळाला बांबू रेटत एका हातानं भागून जाई. पुरात बांबू तळाला लागत नाही. दोन्ही हातांनी वल्हं मारलं तर ठीक, नाहीतर धार नावेला कोसभर खाली नेऊन टाकते. आनंदराव पाटील वाईट माणूस नव्हता, पण गाव त्याला सांभाळायचं होतं. त्यानं चिंधूला चावडीवर बोलावलं.

"पोळ्याच्या आत पुरातून नाव पार करून दाखव. नाई जमलं तं नाव लहानूले देतो."

लहानू चिंधूचा सख्खा पुतण्या, तिशीतला, अंगानं गोऱ्ह्यासारखा. तो काकाला उपाशी ठेवणार नव्हता, हे चिंधूला ठाऊक होतं. पण नाव नसलेल्या ढिवरानं सकाळी उठून जायचं कुठं, हे काही त्याला उमजेना.

गावात पंचफुला बुरडीण होती. एक दिवस चिंधू टोपली आणायला गेला, तेव्हा ती सरकारी बंगल्याच्या खिडक्यांसाठी चिका विणत होती. चिक म्हणजे बांबूच्या कामट्यांचा पडदा. दोरी ओढली की गुंडाळत वर जातो, सोडली की खाली येतो. नेमकी वावटळ उठली, टांगलेली चिक फुगली आणि जिला बांधली होती ती जड घडवंची वीतभर सरकली.

"बाई, हे नावेवर बांधता येईन काय?"

"टांगशीन कशाले? मधात खांब रोवशीन तं नावेच्या पोटाले भोक पाडा लागीन."

ते शक्यच नव्हतं. ढिवरांच्या घरी नाव म्हणजे माय. मायच्या पोटाला भोक कोण पाडील? तीन दिवस चिंधू घराच्या आढ्याकडे बघत पडून राहिला. चौथ्या दिवशी त्याला आढ्याखालची दोन वाशांची कैची दिसली, जी तो जन्मभर बघत आला होता. मग त्यानं दोन बांबू घेतले, पाय नावेच्या दोन कडांना बांधले, डोकी वर एकत्र आवळली. मधली जागा बैलांना मोकळीच राहिली. वर पंचफुलानं विणून दिलेली चिक टांगली. सगळ्या गाठी त्यानं दातांनी मारल्या.

पहिल्या दिवशी सगळा गाव बघायला जमला आणि फजिती झाली. वारा चिकेतून आरपार गेला, नाव जागची हलली नाही. चूक पंचफुलाची होती. चाळीस वर्षं वारा आत सोडायलाच शिकलेले हात. सवयीनं त्यांनी कामट्यांमध्ये फटी ठेवल्या होत्या.

"चिंधू, दुपारी झोपाले पडदा बरा केला," काठावरून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. लहानूही हसला.

पंचफुलाला ते फार लागलं. तिनं स्वतःचं जुनं लुगडं चिकेला मागून शिवलं आणि जवसाच्या तेलात भिजवलं.

पोळ्याला आठ दिवस होते तेव्हा पूर आला. पाटील जिद्दीचा; स्वतःची बैलजोडी घेऊन तोच नावेत बसला. गावापाशी नदी वळसा घेऊन मावळतीकडे वाहते आणि पावसाळी वारा मावळतीकडूनच येतो. धार नावेला खाली ओढू लागली, वारा वर ढकलू लागला आणि दोघांच्या भांडणात नाव सरळ पलीकडे निघाली. मध्यावर वाऱ्याचा झोत आला, नाव कलली, बैल बुजले. चिंधूनं वल्हं मांडीखाली दाबलं, दोरी ओढली, अर्धी चिक गुंडाळली, दोरी खुंटीला अडकवली. नाव सावरली.

काठ हाताशी आला तेव्हा पाटील बोलला, "सूप तुयाच घरी येईन."

चिंधूला रडू आलं आणि ते लपवताही आलं नाही. डोळे पुसायला एकच हात, तो वल्ह्यावर होता.

दुसऱ्या दिवशी लहानूनं गुपचूप नाव सोडली. झोत येताच त्यानं दोन्ही हातांनी दोरी ओढली, वल्हं सुटलं, नाव गरगरत जाऊन बाभळीत घुसली. संध्याकाळी तो खाली मान घालून काकाकडे आला.

"काका, मले शिकवा."

"आधी उजवा हात पाठीशी बांध."

लहानूला आधी ती थट्टा वाटली. पण काका हसत नव्हता. मग त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून दिला, पाठ फिरवली आणि हात मागं नेला. चिंधूनं दुपट्ट्याचं एक टोक दातात धरलं आणि गाठ आवळली.