चार किलो आवळे

इतवारीच्या बाजारात वाळलेल्या आवळ्यांचं पोतं उघडं दिसलं, की मी अजूनही पाय उचलते. तो आंबट-तुरट वास मला तीस वर्षांपूर्वी मी शिकवत असलेल्या सातवीच्या वर्गात नेऊन उभं करतो.

फळ्यावर गणित होतं. ताज्या आवळ्यात ऐंशी टक्के पाणी, वाळलेल्यात वीस टक्के. दहा किलो आवळे वाळवले तर किती उरतील? ऐंशीतून वीस गेले, साठ टक्के पाणी उडालं, म्हणून मी मोठ्या झोकात लिहिलं, चार किलो.

मागच्या बाकावरची रजनी उभी राहिली. तिची आई महाल भागात घराच्या गच्चीवर आवळे वाळवून विकायची.

"मॅडम, चार किलोवर उचलले त बुरशी लागते. आमची माय अडीच किलो होऊ देते, मंगच पोत्यात भरते."

"हे गणित आहे, तुझ्या आईचं वाळवण नाही," मी म्हणाले. वर्ग हसला. रजनी खाली बसली आणि तिने वहीतलं उत्तर खोडून चार लिहिलं.

संध्याकाळी भाजी चिरता चिरता माझा हात थांबला. पाणी सोडलं तर आवळ्यात गर दोनच किलो, आणि वाळल्यावर तोच ऐंशी टक्के. म्हणजे अडीच.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि पुढचं प्रकरण उघडलं.

चाचणीचे पेपर आधीच छापून आले होते. त्यात हे गणित होतं. चाचणीत रजनीने नीट, गोल अक्षरात चार किलो लिहिलं होतं.

मी तिला पूर्ण गुण दिले.