दौलतभाऊंची घरची माणसं

दौलतभाऊ नवीन माणूस कामावर ठेवताना कागद कधीच करत नसत. त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे, डोळे ओले करायचे आणि म्हणायचे, "आजपासून तू घरचा." वडशाला त्यांची नाटक कंपनी होती. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगावी प्रयोग लागत आणि मी त्यात आईच्या भूमिका करत असे. इतक्या चटकन डोळे ओले करणारा नट आमच्या संचात दुसरा नव्हता.

या घरच्या माणसाला कधीही घराबाहेर काढता येत असे. बुकिंग रद्द झालं की भाऊ तबलजीला हसत हसत परत पाठवायचे. "धंद्यात हात मोकळे पाह्यजेत," हे त्यांचं लाडकं वाक्य. खरं तर मोकळीक आम्हालाही हवीच होती. धान कापणीला आम्ही गावी राहायचो, बरी कंपनी मिळाली तर तिकडे जायचो. पण आमची नायिका भर हंगामात दुसरीकडे गेली, तेव्हा याच गृहस्थांनी तिला वडसाभर बेइमान ठरवलं.

एकदा आम्ही सगळ्यांनी मिळून अपघात विम्याची गोष्ट काढली. जंगलातल्या रस्त्यांनी टेम्पोतून फिरायचं, बांबूवर चढून दिवे बांधायचे. काही झालं तर काय? भाऊ फार दुखावले.

"घरच्या मानसाचा विमा काढून त्याच्या मरनाची वाट पाहू का मी?"

टेम्पोचा आणि साउंड सिस्टिमचा विमा मात्र त्यांनी काढून ठेवला होता. टेम्पोच्या मरणाची वाट पाहायला त्यांची हरकत नसावी.

दिवे बांधणारा रफिक वडशाचाच. गोंडपिपरीकडच्या एका गावात तो बांबूवरून पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. भाऊ दवाखान्यात सफरचंदं घेऊन गेले, मनसोक्त रडले आणि पडदा उघडायच्या आत दुसरा दिवेवाला घेऊन आले. इलाजासाठी रफिकच्या बायकोने शिलाई मशीन विकली. तो पडून असताना घर तिच्या शिवणावरच चालायचं होतं, आणि मशीनच गेली.

पुढच्या हंगामात रफिक काठी टेकत कंपनीच्या ऑफिसात आला. चढणं जमणार नाही, पण खाली बसून लाइटचा बोर्ड सांभाळतो, म्हणाला. भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरी आराम कर, असं प्रेमाने सांगितलं. रफिकने तो हात बाजूला केला.

"भाऊ, मी घरचा होतो ना? मंग माझा हिस्सा द्या."

त्या दिवशी भाऊंचे डोळे कोरडे ठक्क होते.

"हिस्सा कायचा गा? तू तं रोजीचा मानूस."

आम्ही सगळे तिथेच होतो. विमा निघेपर्यंत टेम्पोत पाय ठेवणार नाही, असं आम्ही सांगून टाकलं. पुढच्या गावची तिकिटं खपली होती, म्हणून भाऊंनी मुकाट्याने एजंटला बोलावलं. आता सत्काराच्या मंचावर ते सांगतात, कलावंतांचा विमा सगळ्यात आधी मीच काढला. तिथेही रडतात. मला त्या रडण्याची किळस येते.

विम्याचे कागद झाले तेव्हा मी एजंटला रफिकचं विचारलं. आधी मोडलेला पाय यात बसत नाही, तो म्हणाला. रफिक तिथेच उभा होता. आम्ही प्रयोगाला निघालो तेव्हा तो काठी टेकत टेम्पोपर्यंत आला आणि मला वर चढायला त्याने हात दिला. भाऊ पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला म्हणत होते, "चाल गा, उशीर होऊन राह्यला."