कार्बनवरचं तेल

सोलापूर शहर व परिसरातील तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की शुक्रवार पेठेतल्या एका वायंडिंगच्या दुकानाचा मालक, वय वर्षे त्रेपन्न, आज एका खुनाची कबुली देत आहे. मयत : एक मोटर. लांबी अंगठ्याएवढी. नागरिकांनी शांतता राखावी.

हसलात? लोकांना हसवणं मला जमतं, आणि त्याच जोरावर ही गोष्ट मी इतकी वर्षं लपवली. बायकोला सांगितली नाही. आमच्या रविवारच्या मंडळींना तर नाहीच. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय — आणि सांगताना तोंड कडू होतंय.

रविवारची मंडळी म्हणजे सहा-सात टकले, पोट सुटलेले बाप्ये. अक्कलकोट रोडला एका पडीक रानात सकाळी छोटी विमानं उडवायचो. आता सगळे ब्रशलेस मोटरीवर गेले, तेव्हा ब्रशच्या मोटरी होत्या. त्यातलं काही अडलं की मला विचारायचं, असा रिवाज. आणि मी काय रंगवून सांगायचो. मोटरीचा जीव कार्बनमध्ये असतो, म्हणायचो. कार्बनचे दोन इवलेसे तुकडे, तेच ब्रश, मागे स्प्रिंग, पुढे गरगर फिरणारं तांबं. तुकडे घासून संपले की मोटर संपली. म्हणून नवी मोटर एकदम पळवायची नाही. पंखा न लावता, कमी व्होल्टवर, हळूहळू फिरवायची — कार्बनला तांब्याची गोलाई येईपर्यंत. आणि तेल? दांडा जिथं बुशमध्ये, म्हणजे त्या पितळी कडीत, फिरतो तिथं, सुईच्या टोकानं, एक थेंब. कार्बनला तेलाचा वाससुद्धा नको.

हे मी किती जणांना सांगितलं असेल? रानाच्या कडेच्या चहावाल्यालासुद्धा सांगितलंय. तेलाचं तेवढं एकाला सोडून सगळ्यांना.

तो एक म्हणजे राजेशम. टॉवेलच्या कारखान्यात लूम चालवता चालवता त्यानं स्वतःचे चार लूम टाकले होते. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखीच मराठी. चार महिने खपून त्यानं थर्माकोलचं विमान केलं. घरभर चुरा, भातातही चुरा. भाऊ चेष्टा करायचे, लूम सोडून हा खेळणी करत बसतो म्हणून. लक्ष्मीवहिनी, त्याची बायको, मात्र एका शब्दानं बोलल्या नाहीत. पहिलं उड्डाण त्यांना दाखवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्याच्या आदल्या रविवारी त्यानं ते विमान मोटरीशिवाय, नुसतं हातानं सोडून दाखवलं. आणि ते — तरंगलं हो. माझं विमान उडायचं ते उकिरड्यावरनं हाकललेल्या कोंबडीसारखं. हे मात्र वाऱ्यावर टेकून गेलं, आणि गवतावर अलगद बसलं. सगळे माझ्याकडे पाठ करून त्याच्याभोवती जमले. मी काहीतरी सांगत होतो, ते अर्धंच राहिलं.

बस. एवढंच कारण. याहून मोठं असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं, नाही का?

शनिवारी दुपारी त्याचा फोन आला. मी शिकवल्याप्रमाणे तो नवी मोटर हळू फिरवत बसला होता. कार्बन बसताना किरकिर होते, होणारच — ते चांगलं लक्षण. पण लूमवाल्याचा कान वेगळा. लूममध्ये किरकिर ऐकू आली की काहीतरी कोरडं पडलंय. तेलाची कुपी उचलायची आणि सोडायचं. त्याच्या हातानं जन्मभर तेच केलेलं. तरी त्यानं विचारलं — हे लक्षात घ्या, त्यानं विचारलं.

"मालक, मोटर कोरडी वाजायली. तेल सोडू का?"

मी भाकरी-शेंगाचटणी खात होतो. घास हातातच राहिला. पुढचं सगळं मला लख्ख दिसलं.

"सोड की," मी म्हणालो.

आता हे 'की' बघा. सोलापुरात आम्ही ते कुठंही चिकटवतो. ये की. बस की. जेव की. हुकूम नाही, सल्ला नाही, नुसता आपलेपणा. वर्षानुवर्षं मी त्या एका अक्षराआड लपलो — मी कुठं त्याला तेल घालायला लावलं? मी आपलं सहज 'सोड की' म्हणालो. ही पळवाट आठवली की आज माझी मलाच शिसारी येते. आणि फोन ठेवल्यावर मी काय केलं? उरलेली भाकरी चवीनं खाल्ली.

रविवारी विमान वर गेलं. एक फेरी सुरेख झाली. दुसऱ्या वळणावर मोटर खोकली, बंद पडली, आणि ते नाकावर शेजारच्या तुरीत आपटलं. वहिनी तुरीत शिरून तुकडे गोळा करायला लागल्या.

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी काय केलं — स्क्रूड्रायव्हर मागितला. सगळ्यांसमोर मोटर उघडली. आत तेल आणि कार्बनची भुकटी मिळून काळा, चिकट, शेंबडासारखा राडा. तो बोटावर घेऊन मी मंडळींच्या नाकासमोर फिरवला. कार्बनला तेल पाजलं पठ्ठ्यानं, म्हणालो, आणि माझं ते सगळं प्रवचन पहिल्यापासून लावलं.

राजेशमनं माझ्याकडे एकदा बघितलं. एकदाच. फोन त्याला आठवत होता, यात मला शंका नाही. मग खाली मान घालून तो मंडळींना म्हणाला की चूक त्याचीच, त्याचा हात जाड कामाचा, हे नाजूक काम त्याचं नव्हे. मला झाकलं त्यानं. आणि मी झाकून घेतलं. त्यानंतर तो रानात कधीच आला नाही. ज्याच्या हाताला तुटलेला धागा न बघता सापडतो, त्यानं स्वतःच्या हाताला जाड म्हटलं — आणि मी मान डोलावली.

त्या रविवारी मात्र माझं प्रवचन अजून थांबलं नव्हतं. लक्ष्मीवहिनी पदरात तुकडे घेऊन पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. फोनचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या मोटरीकडे बघतच नव्हत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सकाळपासून गप्प असलेली ती बाई एकदम बोलून गेली —

"भाऊजी, तुमी हसताय कशाला?"