मास्तरांच्या कमरेचं माप

आमच्या घरासमोर कपडे शिवायचं दुकान आहे. तिथले मास्तर गल्लीतल्या प्रत्येकाची कंबर ओळखून होते. कोण सुटलंय, कोण वाळलंय, हे घरच्यांच्या आधी त्यांना कळायचं. पण कुणाला बोलून दाखवायचे नाहीत. आमच्या ह्यांची पँट दोन इंच वाढवून दिली तेव्हाही "कापड आटलं असेल," एवढंच म्हणाले.

स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांचं गणित चुकलं, आणि चुकलं ते त्यांच्या कलेमुळेच. पँट घट्ट झाली की आपण दचकतो. मास्तरांना ती कधी घट्ट झालीच नाही. कंबर जराशी काचली की दुपारच्या निवांत वेळी ते शिवण उसवायचे, आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड, म्हणजे शिंप्यांच्या भाषेत माया, थोडी सोडायचे आणि पुन्हा टीप मारायचे. दहा मिनिटांचं काम. असं वर्षानुवर्षं चाललं.

अडचण आली ती मशीनपाशी. पोट टेबलाला टेकायला लागलं तसं स्टूल मागे गेलं, आणि स्टूल मागे गेलं तसे हात सुईपासून लांब पडले. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची कॉलर वाकडी बसली, मग दुसऱ्याची. मास्तरांनी कोट शिवणंच सोडलं. तीस वर्षं कोटावर नाव कमावलेला माणूस. मी विचारलं तर म्हणाले, "नजर गेली आता, वहिनी. पिशव्या, पडदे शिवायचे झालं."

एका सकाळी मी पडद्याचं कापड घेऊन गेले, तर त्यांची बायको काजं करत बसली होती. गल्लीत तिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. बाईंनी सुई-दोरा मास्तरांपुढे धरला. मास्तरांनी बोलता बोलता एका झटक्यात ओवून दिला.

"नजर गेली म्हणता ना?" बाई म्हणाल्या. "उभे राहा बघू." आणि मास्तरांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली.

"अगं, वहिनी आहेत."

"असू देत, त्या रोज समोरून बघतातच. श्वास आत ओढायचा नाही. गिऱ्हाइकाला सांगता ना, तसं."

टेप फिरली. सत्तेचाळीस.

"उलटी धरली असशील."

"साठ इंचांची टेप ही. उलटी धरली तर तेरा येतील."

मास्तर हसले नाहीत. खाली बसले. मशीनकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, हातातलं कसब गेलं."

"कसब कुठं जातंय. मध्ये पोट आलंय."

डॉक्टरांनी चारदा सांगून जे झालं नव्हतं, ते त्या दिवशी झालं. मास्तरांनी आपल्या सगळ्या पँटी मागवल्या आणि आत उरलेली माया कात्रीने कापून टाकली. आता सैल करायला काही उरलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते तयार कपडे पायी घरपोच द्यायला लागले. आमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बोलायला दम नसायचा. नुसती पिशवी पुढे करायचे. बिस्किटं ठेवली तर बशी माझ्याकडे सरकवून पाणी प्यायचे. महिन्याभराने कंटाळले. आकडा हलेना, कमरेवर वळ उठलेले. दुकानात बसून राहिले. बाईंनी समजूत वगैरे घातली नाही. लांबच्या एका गिऱ्हाइकाला फोन लावला, "मास्तर निघालेत हो कपडे घेऊन." मग जावंच लागलं.

सातव्या महिन्यात एक गृहस्थ कोटाचं कापड घेऊन आले. बाई नाही म्हणायला तोंड उघडणार, तोच मास्तर म्हणाले, "ठेवा."

वजन अजून बरंच होतं, पण कोपरं आता टेबलावर टेकत होती. चार दिवस मी खिडकीतून बघत होते. पाचव्या दिवशी खाली दुकानात गेले, तर गृहस्थ आरशासमोर उभे होते आणि मास्तर त्यांच्याभोवती फिरत होते.

"मान वळवा. आता दुसरीकडे."

कॉलर मानेला धरून राहिली. मास्तर दोन पावलं मागे गेले, डोळे बारीक करून बघितलं आणि बाईंना म्हणाले, "मागच्या आठवड्यात परत पाठवलास ना, त्या माणसाला बोलावून घे. त्याचाही कोटच होता."