फुटाण्यांची तपासणी

"वारं आत सोडीन, माणूस न्हाय." मुरुमच्या बालगृहाचे राखणदार सिद्रामप्पा फाटकापाशी आलेल्या प्रत्येकाला हे ऐकवायचे. फ्लूची साथ आली तशी या बोलण्याला धार चढली. आत अठरा लेकरं, निम्म्यांची छाती नाजूक. सहा वर्षांची समृद्धी तर मागच्या हिवाळ्यात आठ दिवस उमरग्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. तिला जीपपर्यंत अप्पांनीच उचलून नेलं होतं. तेव्हापासून कुणी खोकलं की त्यांचा हात आपोआप कडीवर जायचा.

डॉक्टरीणबाईंनी ताप मोजायचं यंत्र दिलं होतं. पण दुपारच्या उन्हात ते फाटकालाही ताप दाखवायचं. मग अप्पांनी स्वतःची तपासणी काढली. पाहुण्यानं मूठभर फुटाणे खायचे, वर पाण्याचा घोट नाही. ठसका लागला की माणूस आजारी. आठ दिवसांत एकही जण पास झाला नाही. दूधवाला रामलिंग तर रोज कॅन बाहेर ठेवून खोकत परत जायचा. साथ किती पसरलीय बघा, गावात एक माणूस धड नाही, असं अप्पा गंभीरपणे सांगत.

नवव्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष आण्णासाहेब केक घेऊन आले. वाढदिवस त्यांचाच. प्रत्येक लेकराला स्वतःच्या हातानं घास भरवायचा, फोटो काढायचा, असा बेत. नाक लाल झालेलं, पण ते उन्हानं, असं त्यांनी कुणी विचारण्याआधीच सांगून टाकलं. फुटाणे तोंडात टाकले आणि असे खोकले की एक फुटाणा फोटोवाल्याच्या कॅमेऱ्यावर जाऊन आपटला.

"सिद्रामप्पा, हे खाऊन कुणालाबी ठसका लागंल. तुमी खाऊन दावा की." आण्णासाहेब डोळे पुसत म्हणाले.

अप्पांनी ताठ मानेनं मूठ भरली, सावकाश चावली. दुसऱ्या घासाला ठसका लागला तो थांबेचना. टोपी खाली पडली. आण्णासाहेब हसत कडीकडं वळले. अप्पांनी त्यांच्या आधी बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली फाटकाच्या गजांतून आत, स्वयंपाकीण लक्ष्मीबाईंच्या पुढ्यात टाकली.

"म्या बी नापास. आठ रोज मलाबी आत घेऊ नगा."

"अप्पा, अवं फुटाण्यानं झालंय ते," लक्ष्मीबाई आतून म्हणाल्या.

"आसंल. समृद्धीच्या छातीला कळतंय व्हय, कशानं झालंय ते?"

त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि गावाची वाट धरली. मधेच थांबून खोकायचे, पुन्हा चालायचे. खिडकीच्या गजांमागून अठरा मास्क त्यांच्याकडं बघत होते, समृद्धीचा सगळ्यांत पुढं. आणि फाटकाबाहेर, केक हातात धरून, आण्णासाहेबही.